कर्करोग मेंदूत पोचतो तेव्हा वेळ कुठे वाया जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयी वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. तंबाखू सोडा, स्तनांची तपासणी करा, मुलींना लस द्या. हे सारे रोग होण्याआधीचे. रोग झाला, ऑपरेशन झाले, केमो संपली, रिपोर्ट चांगले आले. त्यानंतर घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचे, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. त्यातही फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग मेंदूत पसरू शकतो, हे अनेक कुटुंबांना रुग्णाला पहिली फिट आल्यावरच कळते. मेंदूविकार आणि कर्करोग अशा दोन्ही बाजूंनी हे रुग्ण पाहणारे आम्ही काही डॉक्टर म्हणून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण या विषयावर त्रोटक लिहिले तर भीती तेवढी पोचते आणि माहिती राहून जाते.

प्रौढांच्या मेंदूत सापडणाऱ्या घातक गाठींपैकी बहुसंख्य गाठी मेंदूत जन्मलेल्या नसतात. त्या शरीरात दुसरीकडे असलेल्या कर्करोगातून रक्तावाटे आलेल्या असतात. वेगवेगळ्या अंदाजांनुसार कर्करोगाच्या १० ते ३० टक्के प्रौढ रुग्णांत केव्हा ना केव्हा असे घडते. यातले जवळपास निम्मे रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचे असतात. त्यामागून स्तन, मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग, मूत्रपिंड आणि मोठे आतडे. मेलानोमाचे रुग्ण संख्येने कमी, पण मेंदूकडे जाण्याची त्याची ओढ सर्वांत जास्त. उलट प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत सर्रास जातो, मेंदूच्या आत क्वचितच.

अवयवाच्या नावावर थांबून मात्र चालत नाही. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ प्रकारात निदानाच्या दिवशीच साधारण दहातल्या एका रुग्णाच्या मेंदूत गाठी असतात. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेला असेल आणि तो ‘हर-टू पॉझिटिव्ह’ (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेला) किंवा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (हर-टू आणि दोन्ही संप्रेरकांचे ग्राहक नसलेला) असेल, तर पुढे मेंदूत जाण्याचा धोका तीनातल्या एकापासून निम्म्यापर्यंत सांगितला जातो. फुप्फुसाच्या कर्करोगात ‘ईजीएफआर’ किंवा ‘एएलके’ या जनुकांतील बदल असलेल्यांतही हे प्रमाण जास्त आहे. म्हणून बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल आणि जनुकचाचणीचा अहवाल हे दोन कागद घरात कुठे आहेत, ते एकापेक्षा जास्त माणसांना ठाऊक असावे. पुढचे निम्मे निर्णय त्या दोन कागदांवर ठरतात.

रक्तातून आलेल्या पेशी मेंदूत वाटेल तिथे अडकत नाहीत. करडा भाग संपून पांढरा भाग सुरू होतो तिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात, आणि बहुतेक गाठी तिथेच रुजतात. सुमारे ८० टक्के मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत आणि ५ टक्के मेंदूच्या देठात. गाठ स्वतः वाटाण्याएवढी असली तरी तिच्याभोवती पाझरलेल्या पाण्याची सूज कितीतरी मोठी असू शकते. रुग्णाला होणारा त्रास पुष्कळदा या सुजेचा असतो.

आता लक्षणे. ‘डोके दुखत नाही, म्हणजे मेंदूत काही नसणार’ हा समज सर्वांत आधी सोडायला हवा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना. त्यामुळे मेंदूत गाठी असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना डोकेदुखी नसतेच. जेव्हा असते तेव्हा ती नवी असते, दिवसेंदिवस वाढत जाते, सकाळी उठताना किंवा खोकताना, वाकताना जोर करते.

हातून निसटतात ती वागण्यातली लक्षणे. रुग्ण गप्प गप्प राहतो, नेहमीचा हिशोब चुकतो, फोनवर बोलताना शब्द सापडत नाहीत, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. घरचे म्हणतात, आजाराने खचला आहे. पुष्कळदा तेही खरे असते, मात्र खचलेला माणूस डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला पुन्हापुन्हा धडकत नाही किंवा ताटातली एकच बाजू सोडून उठत नाही. एका बाजूचे दिसणे गेले की असे होते, आणि रुग्णाला स्वतःला ते बहुधा कळत नाही. सोबत राहणाऱ्यालाच ते दिसते.

केमोच्या नावावर ढकलल्या जाणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. केमोची उलटी बहुधा औषध घेतल्यावर लगेच किंवा पुढच्या काही दिवसांत होते आणि मग थांबते. केमोला तीन आठवडे होऊन गेल्यावर सकाळी उठताच, फारशी मळमळ नसताना झालेली उलटी, त्यासोबत चालताना तोल जात असेल तर अधिकच, लहान मेंदूकडे बोट दाखवते. अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत राहतात. दुसरी गोष्ट मुंग्यांची. केमोमुळे नसांना इजा झाली तर बधिरपणा दोन्ही पायांत, मोजे घातल्यासारखा, सारखाच येतो. एकाच बाजूचा हात आणि पाय जड पडत असतील, तोंड एका बाजूला ओढले जात असेल, तर ती नसांची तक्रार समजून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत बसू नये.

साधारण पाचातल्या एका रुग्णाला फिट येते. ती दर वेळी साऱ्या अंगाची नसते. दोन बोटे आपोआप थरथरणे, गालाचा कोपरा फडफडणे, मिनिटभर नजर शून्यात जाणे आणि त्या वेळेचे काहीच न आठवणे, ही सुद्धा फिटच. मोठी फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नये. दात तुटतात किंवा वस्तू श्वासनलिकेत जाते. हातपाय दाबून धरू नयेत. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवायची. पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे.

कधी कधी सगळे क्षणात घडते: हात लुळा, बोलणे बंद. घरच्यांना आणि अपघात विभागातल्या डॉक्टरांनाही हा पक्षाघाताचा झटका वाटतो. प्रत्यक्षात गाठीतच रक्तस्राव झालेला असू शकतो. मेलानोमा, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या कर्करोगाच्या गाठी यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा वेळी पहिल्या वाक्यातच सांगावे की रुग्णाला अमुक साली अमुक अवयवाचा कर्करोग झाला होता. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना ही माहिती हवीच असते. कर्करोग जुना झाला म्हणून तो सांगायचा राहू नये. स्तनाचा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग दहा-दहा वर्षांनीही परत येऊ शकतो.

आता तपासणी. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. मेंदूतल्या पसरलेल्या गाठी शोधायची तपासणी म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, गाठ उजळवणारे द्रव्य) देऊन केलेला मेंदूचा एमआरआय. साधा सीटी स्कॅन रक्तस्राव आणि मोठी सूज दाखवतो, पण लहान गाठी त्याच्या हातून सुटतात, विशेषतः लहान मेंदूतल्या, कारण तिथे भोवतालच्या जाड हाडामुळे चित्र खराब होते. कॉन्ट्रास्टशिवाय केलेला एमआरआयही अपुरा. मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. गाठीत त्या गळक्या असतात, म्हणून गॅडोलिनियम हे द्रव्य तिथे झिरपते आणि गाठ उजळते. ते न देता केलेल्या तपासणीत काही मिलिमीटरची गाठ दिसेलच, याची खात्री देता येत नाही. चिठ्ठीवर नुसते ‘डोकेदुखी’ न लिहिता ‘स्तनाचा कर्करोग, मेंदूत पसरला आहे का’ असे लिहून घ्यावे, म्हणजे तंत्रज्ञ १ मिलिमीटरच्या पातळ छेदांची मालिका घेतात. मूत्रपिंड नीट चालते ना हे कळण्यासाठी आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि शरीरात पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची धातूची क्लिप किंवा कानात बसवलेले यंत्र असेल तर ते आधीच सांगावे.

‘पेट स्कॅन स्वच्छ आला, म्हणजे मेंदूही स्वच्छ’ हा गैरसमज तर फार महागात पडतो. पेट स्कॅनमध्ये साखर जिथे जास्त खपते तो भाग चमकतो. मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे तो सगळाच चमकतो आणि त्या उजेडात लहान गाठ झाकली जाते. शिवाय नेहमीचा पेट स्कॅन पुष्कळदा कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच घेतात. मेंदू त्यात पूर्ण येतच नाही.

तक्रार नसतानाही एमआरआय करावा असे कर्करोग ठरलेले आहेत. स्मॉल सेल प्रकारात सर्वांनी, फुप्फुसाच्या इतर प्रकारांत दुसऱ्या टप्प्यापासून पुढे, आणि पुढच्या टप्प्यांतील मेलानोमात. स्तनाच्या कर्करोगात लक्षणे नसताना सरसकट एमआरआय करण्याची शिफारस नाही. मात्र हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात थोडीशी शंकाही पुरेशी मानावी.

एमआरआयमध्ये गाठ दिसली म्हणून ती कर्करोगाचीच, असेही नसते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका गाजलेल्या अभ्यासात, कर्करोग असलेल्या आणि मेंदूत एकच गाठ दिसलेल्या ५४ रुग्णांची ऊतक तपासणी झाली. त्यांतल्या ६ जणांत ती गाठ पसरलेल्या कर्करोगाची नव्हती. पू धरलेली गाठ, क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीची गाठ, मेंदूतच जन्मलेली गाठ हे सगळे एमआरआयवर फसवू शकते. एकच गाठ असेल, किंवा मूळ कर्करोग बरीच वर्षे शांत असेल, तर ‘बायोप्सी लागेल का’ हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

काही रुग्णांत तर मेंदूतली गाठच आधी सापडते आणि मूळ कुठे आहे हे माहीत नसते. मग छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, स्त्रियांत मॅमोग्राफी, आणि साऱ्या त्वचेची नीट पाहणी, टाळू आणि तळपायासकट. मूळ बहुधा फुप्फुसात निघते. ते शोधणे अटळ आहे, कारण मेंदूत गेलेला फुप्फुसाचा कर्करोग हा फुप्फुसाचाच राहतो आणि औषधे त्याचीच लागतात. प्रसिद्ध व्यक्तींच्या आजारपणाच्या बातम्यांत सरसकट ‘ब्रेन ट्यूमर’ असे छापले जाते. मूळ कर्करोग जाहीर झालेला असेल तर तोही बातमीत असावा, अशी आपल्याला विनंती. वाचकांची निम्मी गफलत तिथून सुरू होते.

निदान झाल्यावर बहुधा पहिले औषध स्टेरॉइडचे, म्हणजे डेक्सामेथासोन. ते गाठ मारत नाही, भोवतालची सूज उतरवते. एकदोन दिवसांत रुग्ण बोलू-चालू लागतो आणि घरच्यांना वाटते, रोग हटला. या भ्रमात पुढची तारीख चुकवणारे पुष्कळ. सौम्य लक्षणांना दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतात. दाब फार वाढला असेल तर १६ पर्यंत. लक्षणे नसतील आणि सूज किरकोळ असेल तर बहुतेकदा लागतच नाही. गोळी सकाळी आणि दुपारी घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते. रक्तातील साखर वाढते, ज्यांना मधुमेह नव्हता त्यांचीही, म्हणून पहिल्या आठवड्यापासून ती मोजावी. तोंडात पांढरे चट्टे, काळी शौच, विनाकारण चिडचिड यांवर लक्ष असू द्यावे. काही आठवड्यांनी रुग्णाला खुर्चीतून उठता येईना, जिना चढता येईना, तर रोग वाढला असे लगेच धरू नये. मांड्यांचे स्नायू स्टेरॉइडनेही झिजतात, आणि डोस उतरवला की हळूहळू सुधारतात.

दोन-तीन आठवड्यांहून जास्त घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते; अचानक बंद केले तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, सूजही परत येते. डोस उतरवण्याचे वेळापत्रक तारखांसह लिहून घ्यावे. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध) चालू असेल किंवा लवकरच सुरू होणार असेल, तर स्टेरॉइड तिचा परिणाम कमी करू शकते, म्हणून डोस कमीत कमी ठेवावा लागतो. आणि मेंदूतल्या लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका असेल तर, रुग्णाची प्रकृती तेवढी थांबू देत असल्यास, बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड टाळतात. त्याने गाठ तात्पुरती विरघळते आणि निदानच हुकते.

फिटच्या औषधांबद्दल एक सवय मोडायला हवी. ज्याला कधीच फिट आलेली नाही, त्याला ‘असू द्या’ म्हणून फिटची गोळी महिनोन्‌महिने देण्याला आधार नाही. फिट येऊन गेली असेल तर औषध हवेच, पण कोणते हे महत्त्वाचे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी जुनी औषधे यकृताला वेगाने काम करायला लावतात आणि कर्करोगाच्या गोळ्या, डेक्सामेथासोन सुद्धा, रक्तातून लवकर संपवतात. लेव्हेटिरासेटाम तसे करत नाही, म्हणून ते सहसा आधी निवडतात. त्याने काहींचा स्वभाव मात्र तापट होतो. फिट आलेल्या रुग्णाने डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत वाहन चालवू नये, एकट्याने पोहू नये, उंचावर चढू नये.

मुख्य उपचारांत मोठा बदल झाला आहे, आणि तो सामान्य वाचकापर्यंत पोचलेला नाही. मेंदूत गेला म्हणजे संपूर्ण डोक्याला लाइट, म्हणजे किरणोपचार, द्यायची आणि वाट पाहायची, हा एकच मार्ग अनेक वर्षे होता. वर उल्लेख केलेल्या १९९०च्या अभ्यासात एकच गाठ असलेल्या रुग्णांत नुसत्या लाइटऐवजी ऑपरेशन करून मग लाइट दिली, तेव्हा सरासरी आयुष्य १५ आठवड्यांवरून ४० आठवड्यांवर गेले. आजही गाठ मोठी असेल, दाब वाढवत असेल, हाताला लागेल अशा जागी असेल किंवा निदानच पक्के नसेल तर ऑपरेशनचा विचार होतो. मात्र ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले असे नाही. उरलेल्या पोकळीला किरण दिले नाहीत तर साधारण निम्म्या रुग्णांत वर्षभरात तिथेच गाठ परत येते. टाके सुकले, बरे वाटले, म्हणून हा भाग टाळला जातो. काढलेल्या गाठीची तपासणीही नव्याने करून घ्यावी: स्तनाच्या कर्करोगात मेंदूतल्या गाठीचा प्रकार मूळ गाठीपेक्षा कधी कधी वेगळा निघतो, आणि मग औषधही बदलते.

लहान आणि मोजक्या गाठींसाठी रेडिओसर्जरी. नाव सर्जरीचे असले तरी यात कापाकापी नसते. स्वीडनचे मेंदू-शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. अनेक दिशांनी आलेले बारीक किरण एकाच बिंदूवर मिळतात. तिथे मात्रा प्रचंड, बाजूच्या मेंदूला अगदी थोडी. डोके चौकटीत किंवा मापाच्या मुखवट्यात बसवतात, कारण इथे मिलिमीटरभराची चूकही परवडत नाही. उपचार एका बैठकीत, मोठ्या गाठींना तीन ते पाच बैठकांत.

आकाराचे महत्त्व इथे कळते. अमेरिकेतील मात्रा ठरवणाऱ्या चाचणीनुसार २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) देता येतात, २ ते ३ सेंटिमीटरला १८, आणि ३ ते ४ सेंटिमीटरला १५ च. म्हणजे गाठ जितकी मोठी, तितकी तिला देता येणारी मात्रा कमी. २ सेंटिमीटरची गाठ ४ सेंटिमीटरची झाली की तिचे आकारमान दुप्पट नाही, आठपट होते. वर आम्लपित्ताच्या गोळ्यांत गेलेले आठवडे म्हटले, त्यांची किंमत ही. याच कारणाने उपचाराचा आराखडा जुन्या एमआरआयवर करत नाहीत. मधे एकदोन आठवडे गेले असतील तर तो पुन्हा करायला सांगतात. तेव्हा ‘नुकताच तर केला’ म्हणून वाद घालू नये.

गाठींची संख्या तीन-चारपेक्षा जास्त झाली की रेडिओसर्जरी नाही, असा नियम पूर्वी मानला जाई. २०१४ मध्ये जपानमधील १,१९४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात ५ ते १० गाठी असलेल्यांचे सरासरी आयुष्य २ ते ४ गाठी असलेल्यांएवढेच, १०.८ महिने, निघाले. गाठी लहान होत्या आणि त्यांचे एकूण आकारमान मर्यादेत होते, हे विसरू नये. त्यामुळे ‘गाठी किती’ यासोबत ‘सगळ्या मिळून केवढ्या’ हाही प्रश्न विचारावा.

संपूर्ण मेंदूला लाइट देणे अजिबात बाद झालेले नाही. खूप गाठी असतील, स्मॉल सेल प्रकार असेल, तर ती लागते: १० बैठकांत ३० ग्रे किंवा ५ बैठकांत २० ग्रे. तिची किंमत मात्र आधी कळायला हवी. केस जातात, काही आठवडे प्रचंड थकवा राहतो आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो. २००९ च्या एका अभ्यासात एक ते तीन गाठींचे रुग्ण होते. रेडिओसर्जरीसोबत संपूर्ण मेंदूला लाइट दिलेल्यांत चार महिन्यांनी नवे शिकण्या-आठवण्याची क्षमता ५२ टक्के रुग्णांत घसरली. नुसती रेडिओसर्जरी झालेल्यांत २४ टक्के रुग्णांत. ही हानी कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. स्मृतीचे काम करणारा हिपोकॅम्पस हा भाग किरणांतून वाचवून आराखडा करणे, आणि सोबत मेमँटिन हे औषध काही महिने देणे. ‘आमच्या रुग्णाला हिपोकॅम्पस वाचवता येईल का’ हे उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावे. अर्ध्यात विचारून उपयोग नाही.

काही रुग्णांत लाइट न देणेही योग्य असते. ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरीला योग्य नसलेल्या, फुप्फुसाच्या स्मॉल सेल सोडून इतर प्रकारांच्या ५३८ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण मेंदूला लाइट दिलेले आणि फक्त स्टेरॉइड व आधाराचे उपचार घेतलेले, यांच्या आयुष्यात किंवा त्याच्या गुणवत्तेत लक्षणीय फरक पडला नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला रोज तासनतास प्रवास करवून काही मिळणार आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. वेदना आणि उलटी आवरणारे उपशामक उपचार या टप्प्यावर दुय्यम नसतात, आणि ते बाकीचे उपचार चालू असतानाच सुरू करता येतात.

औषधांच्या बाबतीत ‘मेंदूत औषध पोचतच नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. केमोच्या अनेक औषधांबाबत ते बऱ्याच अंशी खरे होते. आता ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ओसिमर्टिनिब, एएलके प्रकारात अलेक्टिनिब आणि लोर्लाटिनिब, हर-टू स्तनकर्करोगात ट्युकाटिनिब आणि ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन, मेलानोमात इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब यांची जोडी, यांनी मेंदूतल्या गाठी आकुंचन पावतात हे चाचण्यांत दिसले आहे. गाठी लहान आणि लक्षणे नसतील तर निवडक रुग्णांत आधी औषध देऊन दर सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय करत किरण पुढे ढकलता येतात. जनुकचाचणी झालेली नसेल तर हा मार्ग आहे की नाही तेच कळत नाही. घाईने लाइट सुरू करण्यापूर्वी, रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तर, तो अहवाल पाहावा.

‘किती दिवस?’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते. त्याचे एकच उत्तर नाही, आणि जुनी पुस्तकी उत्तरे आता लागू पडत नाहीत. मूळ कर्करोग कोणता, रुग्ण स्वतःचे स्वतः किती करू शकतो, वय, गाठींची संख्या, मेंदूबाहेर रोग आहे का आणि जनुकबदल कोणता, यावर गुण देऊन अंदाज काढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात सर्वांत कमी गुणांच्या गटाचे सरासरी आयुष्य ७ महिने, तर सर्वांत जास्त गुणांच्या गटाचे जवळपास चार वर्षे होते. आतड्याच्या आणि पोटाच्या कर्करोगांत हे आकडे बरेच कमी आहेत. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या रुग्णावरून आपल्या रुग्णाचा अंदाज बांधू नये.

मेंदूच्या आवरणांत आणि मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी पसरणे हा वेगळा, अधिक कठीण प्रकार. दोन-दोन प्रतिमा दिसणे, चेहऱ्याची एक बाजू पडणे, पाठ व पाय एकदम दुखणे आणि लघवीवरचा ताबा जाणे, अशी एकमेकांशी जुळत नसलेली लक्षणे एकत्र आली तर मेंदूसोबत मणक्याचाही एमआरआय लागतो. पाठीतले पाणी तपासताना पहिल्या नमुन्यात निम्म्याच रुग्णांत पेशी सापडतात. नमुना किमान १० मिलिलिटर असावा, लगेच प्रयोगशाळेत जावा, आणि शंका कायम असेल तर दुसऱ्यांदा घ्यावा.

उपचार संपल्यावर पहिले वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय असतो, कारण मेंदूत दुसरीकडे नव्या गाठी येऊ शकतात आणि लक्षणे दिसण्याआधी सापडल्या तर पुन्हा रेडिओसर्जरी करता येते. इथे आणखी एक चकवा आहे. किरण दिलेल्या जागी काही महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, कधी त्यानंतरही, मृत ऊतींचा डाग तयार होतो. तो एमआरआयवर वाढलेल्या गाठीसारखाच दिसतो, सूजही तशीच येते. ‘गाठ परत आली’ असे अहवालात वाचून घाईने औषध बदलले तर चालू असलेले चांगले औषध हातचे जाते. परफ्यूजन एमआरआय (त्या जागेचा रक्तपुरवठा दाखवणारा), काही आठवड्यांनी पुन्हा पाहणी, आणि तरीही कोडे सुटले नाही तर बायोप्सी, असा त्याचा क्रम. उपचारही निराळा: स्टेरॉइड, आणि गरज पडल्यास बेव्हासिझुमॅब हे औषध. हे ठरवायला डॉक्टरांना छापील अहवाल पुरत नाही. जुन्या प्रत्येक एमआरआयची डिस्क आणि किरणोपचाराच्या आराखड्याची प्रत लागते. कोणत्या गाठीला कोणत्या तारखेला किती ग्रे दिले, हे त्या चित्रांवर ठेवूनच पाहावे लागते. उपचार संपताना ती प्रत मागून घ्यावी. काही वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात ती मिळवणे फार जड जाते.

आपले,
मेंदूविकार, मेंदू-शल्यचिकित्सा, कर्करोग व किरणोपचार या क्षेत्रांतील काही डॉक्टर